परिचारिका घडवणाऱ्या शिक्षकांची परीक्षा रुग्णाच्या खाटेजवळ व्हावी

नर्सिंग महाविद्यालयांची संख्या वाढवण्याच्या घोषणा आता कोणालाही नव्या राहिलेल्या नाहीत. केंद्रीय मंत्रिमंडळाने २६ एप्रिल २०२३ रोजी देशभरात १५७ नवी शासकीय नर्सिंग महाविद्यालये उभारण्यास मान्यता दिली. २०१४ नंतर स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारातच ती उभी राहावीत, त्यासाठी १,५७० कोटी रुपये खर्च व्हावेत आणि त्यांतून दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर परिचारिका बाहेर पडाव्यात, अशी ही योजना आहे. कोरोना महामारीत परिचारिकांच्या तुटवड्याची झळ देशाने सोसली होती. त्यामुळे या निर्णयाचे स्वागत होणे स्वाभाविक होते.

मात्र या आकड्यांत दडलेले एक साधे गणित फारसे कोणी मांडले नाही. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. सर्व वर्ग भरले की या महाविद्यालयांत एकाच वेळी सुमारे ६२,८०० विद्यार्थी शिकत असतील. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. म्हणजे केवळ या नव्या महाविद्यालयांसाठी सहा हजारांहून अधिक शिक्षक हवेत. इमारत दोन वर्षांत उभी राहू शकते. शिक्षक मात्र तितक्या वेळात घडत नाही. आणि घाईने घडवला, तर तो शिकवण्यास लायक आहे किंवा नाही हे कोणी, कोठे आणि कसे ठरवायचे, हा प्रश्न उरतोच.

गोव्यासारख्या लहान राज्याला हा प्रश्न दूरचा वाटण्याची शक्यता आहे. परंतु बांबोळी, म्हापसा किंवा मडगावच्या रुग्णालयात आपल्या आईच्या हाताला सलाईन लावणारी, आपल्या मुलीच्या बाळंतपणात तिच्या उशाशी उभी राहणारी परिचारिका कोणाच्या हाताखाली शिकली, याच्याशी प्रत्येक गोमंतकीय कुटुंबाचा संबंध आहे. या प्रश्नाचे एक उत्तर गेल्या काही वर्षांत हैदराबादमध्ये शोधले गेले आहे. ते आपण नीट पाहावे, यासाठी हा लेखप्रपंच.

वर्गातला पाठ आणि वॉर्डातला पाठ

आपल्याकडे नर्सिंगचा शिक्षक कसा घडतो? परिषदेच्या निकषांनुसार सर्वांत खालच्या पायरीवरील ट्यूटर या पदासाठी एम.एस्सी. नर्सिंग पदवीधारकास प्राधान्य असते. तो न मिळाल्यास बी.एस्सी. नर्सिंगनंतर एका वर्षाचा अनुभव असलेली व्यक्तीही त्या पदावर काम करू शकते. वरच्या पदांसाठी एम.एस्सी. अनिवार्य आहे. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात ‘परिचर्या शिक्षण’ हा स्वतंत्र विषय असतो. भारतभर वर्षानुवर्षे चालत आलेल्या अभ्यासक्रमात त्याला १५० तास तात्त्विक आणि १५० तास प्रात्यक्षिक असा वेळ दिलेला आहे. पाठाचे नियोजन, उद्दिष्टे लिहिणे, प्रश्नपत्रिका तयार करणे, शैक्षणिक साधने बनवणे आणि सराव पाठ घेणे, असे सर्व काही त्यात आहे.

परीक्षेचा केंद्रबिंदू मात्र सराव पाठ हाच असतो. प्रशिक्षणार्थी शिक्षिका विषय निवडते, टाचण लिहिते, तक्ते किंवा स्लाइड तयार करते आणि परीक्षकांसमोर वर्गात पाठ घेते. पाठीमागे बसलेले परीक्षक प्रस्तावना कशी झाली, आवाज पोचला का, साधनांचा वापर झाला का, प्रश्न विचारले का, वेळेत पाठ संपला का, यांवर गुण देतात. सूक्ष्म अध्यापनाची पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. ती शालेय शिक्षकांसाठी होती आणि तिथे ती उपयुक्तच ठरली. नर्सिंग शिक्षणाने शालेय शिक्षणाकडून हा साचा उसना घेतला. वर्गात उभे राहण्याचा धीर येणे, विषयाची मांडणी जमणे, यासाठी तो चांगला आहे, यात शंका नाही.

प्रश्न असा की, नर्सिंग शिकवले जाते कोठे? शरीररचना, औषधशास्त्र, रोगांची लक्षणे वर्गात शिकवता येतात. परंतु परिचारिकेचा पेशा वॉर्डात, रुग्णाच्या खाटेजवळ शिकला जातो. आणि तिथे शिकवणे हे वर्गात शिकवण्यापेक्षा वेगळे कौशल्य आहे.

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी रुग्णाला मूत्रनलिका बसवत आहे. निर्जंतुक हातमोजा घातलेला तिचा हात चुकून चादरीला लागतो. तिच्या ते लक्षात आलेले नाही. रुग्ण जागा आहे, घाबरलेला आहे आणि सारे ऐकत आहे. शेजारी उभ्या असलेल्या शिक्षिकेकडे दोन-तीन क्षण असतात. ती ओरडली तर रुग्णाचा विश्वास उडेल आणि मुलीचे हात थरथरू लागतील. गप्प राहिली तर जंतुसंसर्गाचा धोका. स्वतः पुढे होऊन तिने काम उरकले तर रुग्ण वाचला, पण विद्यार्थिनी काहीच शिकली नाही. जाणती शिक्षिका शांत स्वरात हात थांबवते, नवा हातमोजा पुढे करते, रुग्णाला दोन शब्दांत धीर देते आणि पाच मिनिटांनंतर बाजूला नेऊन विद्यार्थिनीला विचारते, ‘हातमोजा का बदलला, सांग पाहू?’

शिक्षिकेची खरी पात्रता या पाच मिनिटांत दिसते. सराव पाठाच्या गुणपत्रिकेत तिच्यासाठी रकानाच नसतो.

यातील विसंगती २०२१ नंतर अधिकच ठळक झाली आहे. परिषदेने त्या वर्षी बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम जाहीर केला. सत्र पद्धती आली, क्रेडिट आले आणि सारा भर क्षमताधिष्ठित शिक्षणावर देण्यात आला. प्रात्यक्षिकांत ‘ऑस्की’ नावाने ओळखली जाणारी परीक्षा महत्त्वाची ठरली. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी ही पद्धत मांडली. विद्यार्थी एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे जातो, प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेळेत ठरावीक कृती प्रत्यक्ष करून दाखवतो आणि परीक्षक आधी ठरवलेल्या तपासणी यादीनुसार गुण देतो. म्हणजे विद्यार्थिनीने काय करून दाखवले, यावर तिची परीक्षा होऊ लागली. तिच्या शिक्षिकेची परीक्षा मात्र अजूनही मुख्यतः तिने काय बोलून दाखवले, यावरच होते.

हैदराबादने काय केले?

हैदराबादमध्ये १९४८ साली दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून सुरू झालेली फर्नांडिस ही संस्था आज माता-बालआरोग्याच्या क्षेत्रात देशभर ओळखली जाते. डॉ. एविटा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने या संस्थेने २०११ मध्ये परिचारिकांना प्रसाविका म्हणून घडवणारा स्वतःचा अभ्यासक्रम सुरू केला. आपण गोव्यात जिला ‘वैजीण’ म्हणत आलो, तिचे आधुनिक, प्रशिक्षित आणि नोंदणीकृत रूप म्हणजे ही प्रसाविका. गुंतागुंत नसलेली बाळंतपणे तिने स्वतंत्रपणे सांभाळावीत आणि धोक्याची चिन्हे दिसताच डॉक्टरांना बोलवावे, ही तिच्या कामाची रीत.

२०१७ मध्ये तेलंगणा सरकारने युनिसेफ आणि फर्नांडिस यांच्या साहाय्याने हा प्रयोग शासकीय रुग्णालयात नेला. करीमनगरच्या जिल्हा रुग्णालयात ३० परिचारिकांसाठी १८ महिन्यांचा वर्ग सुरू झाला. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशासाठी प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नोंदणीकृत परिचारिकेला १८ महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ करण्याची योजना त्यांत होती आणि प्रशिक्षण आंतरराष्ट्रीय प्रसाविका महासंघाच्या निकषांनुसार व्हावे, असे ठरले.

इथेच अडचण उभी राहिली. अशा प्रसाविका घडवायला अशाच प्रकारे काम केलेले शिक्षक हवेत आणि देशात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. पदवी असलेल्या प्राध्यापिका पुष्कळ होत्या. परंतु त्यांपैकी अनेकींनी प्रसूतिकक्षात स्वतः जबाबदारी घेऊन बाळंतपण केल्याला वर्षे लोटली होती, कारण आपली व्यवस्थाच तशी आहे. महाविद्यालयातील शिक्षक ‘शिक्षण विभागा’चे आणि वॉर्डातील सिस्टर ‘सेवा विभागा’च्या. दोघींची नेमणूक वेगळी, बढतीची शिडी वेगळी, हजेरीपट वेगळा. जी शिकवते ती काम करत नाही आणि जी काम करते तिला शिकवण्याचे अधिकृत कर्तव्य नाही.

त्यामुळे आधी शिक्षकांनाच पुन्हा घडवण्याचे ठरले. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादच्या फर्नांडिस प्रतिष्ठानमध्ये राष्ट्रीय प्रसाविका प्रशिक्षण संस्थेतून प्रसाविका-शिक्षकांच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण सुरू झाले. वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या परिचारिका पुन्हा एकदा विद्यार्थिनी झाल्या. त्यांना प्रसूतिकक्षात उभे राहावे लागले, कळा सोसणाऱ्या स्त्रीजवळ थांबावे लागले आणि अनुभवी प्रसाविकांच्या नजरेखाली आपले हात पुन्हा तयार करावे लागले.

याची गरज का होती, हे एका उदाहरणावरून कळेल. प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख भरताना गर्भाशयाचे मुख चार सेंटीमीटर उघडले की सक्रिय टप्पा सुरू झाला, असे आपल्याकडील परिचारिकांच्या पिढ्या शिकल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ही मर्यादा पाच सेंटीमीटरवर नेली आणि २०२० मध्ये त्यानुसार नवा तक्ता आणला. दिसायला फरक एका सेंटीमीटरचा आहे. परंतु चार सेंटीमीटरला घड्याळ सुरू केले, तर ‘प्रगती होत नाही’ हा निष्कर्ष लवकर निघतो, आणि त्यामागोमाग औषधे, घाई आणि कधी शस्त्रक्रिया येते. सरसकट छेद घेण्याची रीतही संघटनेने त्याच वर्षी अमान्य केली. शिक्षिकेने हे पुस्तकात वाचले असेल. परंतु छेद न घेता, उतावीळ न होता बाळंतपण स्वतः केले नसेल, तर ती विद्यार्थिनीला तो धीर कोठून देणार? न केलेले काम शिकवता येत नाही, ही साधी गोष्ट या प्रशिक्षणाने मान्य केली.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तेलंगणात ६०.७ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. हे प्रमाण देशात सर्वाधिक होते आणि चौथ्या फेरीतील सुमारे ५८ टक्क्यांपेक्षा वाढलेलेच होते. मूठभर प्रसाविकांनी किंवा त्यांच्या शिक्षकांनी एवढा मोठा प्रवाह वळेल, असे कोणी समजू नये. खासगी रुग्णालयांचे अर्थकारण, डॉक्टरांची सवय, कुटुंबांची भीती आणि मुहूर्ताचा आग्रह, अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. हैदराबादचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. शिक्षकाची पात्रता पदवीवरून गृहीत न धरता ती प्रत्यक्ष कामात पुन्हा तपासून घ्यावी, हे तिथे स्वीकारले गेले.

मोजायचे नेमके काय?

जॉर्ज मिलर या अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञांनी १९९० मध्ये क्षमतेच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिली, माहीत असणे. दुसरी, कसे करायचे ते माहीत असणे. तिसरी, करून दाखवता येणे. चौथी, रोजच्या कामात खरोखर तसे करणे. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबते. वर्गातील सराव पाठ तिसऱ्या पायरीच्या एका कोपऱ्याला स्पर्श करतो. चौथी पायरी पाहायची तर परीक्षकाला वॉर्डातच जावे लागते.

शिक्षकाकडे कोणत्या क्षमता हव्यात, याच्या याद्या जगात उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये प्रसाविका-शिक्षकांसाठी आणि २०१६ मध्ये परिचर्या-शिक्षकांसाठी अशा मूलभूत क्षमता प्रसिद्ध केल्या. परिचर्या-शिक्षकांच्या यादीत प्रौढांच्या शिकण्याची तत्त्वे, अभ्यासक्रमाची आखणी, प्रत्यक्ष परिचर्येतील कौशल्य, संशोधन, संवाद, नीती व कायदा, मूल्यमापन आणि नेतृत्व, अशी आठ अंगे आहेत. आंतरराष्ट्रीय प्रसाविका महासंघ तर शिक्षकाने सर्वसाधारणपणे दोन वर्षे पूर्ण स्वरूपाचे प्रत्यक्ष काम केलेले असावे आणि पुढेही कामातील कौशल्य टिकवून ठेवावे, अशी अपेक्षा करतो.

याद्या असणे आणि त्यांनुसार माणूस पारखणे, यांत मात्र मोठे अंतर आहे. ते भरून काढायचे तर प्रशिक्षणार्थी शिक्षिकेला निदान तीन ठिकाणी पाहावे लागेल. एक, वर्गात. आजचा सराव पाठ त्यासाठी पुरेसा आहे. दुसरे, कौशल्य प्रयोगशाळेत. तिथे विद्यार्थ्याची भूमिका करणारी व्यक्ती मुद्दाम चूक करते किंवा रडवेली होते आणि शिक्षिका ती स्थिती कशी हाताळते, हे पाहिले जाते. अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणात १९९० च्या दशकापासून अशी परीक्षा वापरली जाते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, वॉर्डात, खऱ्या रुग्णाजवळ, खऱ्या विद्यार्थिनीसह.

वॉर्डातील निरीक्षणात तीन गोष्टींकडे पाहणे पुरेसे ठरेल. रुग्ण सुरक्षित राहिला का आणि त्याचा मान राखला गेला का? विद्यार्थिनी काल येत नसलेले काही आज शिकली का? आणि चूक दाखवताना विद्यार्थिनीचा आत्मसन्मान शाबूत राहिला का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर रुग्ण आणि वॉर्ड सिस्टर देऊ शकतात, दुसऱ्याचे विद्यार्थिनीचे काम देते आणि तिसऱ्याचे स्वतः विद्यार्थिनी. असे निरीक्षण एकदाच करून भागणार नाही. एखादा दिवस वाईट जातो, एखादा वॉर्ड शांत असतो. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वॉर्डांत, वेगवेगळ्या निरीक्षकांनी सहा-सात वेळा पाहिले, तरच चित्र स्पष्ट होते.

इथे पॅट्रिशिया बेनर यांचा विचार आठवतो. नवशिकी परिचारिका पाच टप्प्यांतून निष्णात होते, असे त्यांनी १९८४ मध्ये मांडले. त्याचा एक अर्थ आपण विसरतो. वॉर्डातील निष्णात परिचारिका शिक्षिका झाली की शिकवण्याच्या कामात ती पुन्हा पहिल्या पायरीवर येते. तिचे हात सराईत झालेले असतात, पण तेच काम तुकडे करून, सावकाश, शब्दांत सांगणे तिला नव्याने शिकावे लागते. तिला लगेच पूर्ण जबाबदारी देणे हा तिच्यावरही अन्याय आहे.

नापास करण्याचे धैर्य

शिक्षकाच्या क्षमतेचे आणखी एक अंग आहे. त्याविषयी आपल्याकडे बोलणे टाळले जाते. अपात्र विद्यार्थ्याला नापास करण्याचे धैर्य, हे ते अंग. स्कॉटलंडमध्ये कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये या विषयावर केलेला अभ्यास गाजला. वॉर्डातील मार्गदर्शक परिचारिका, विद्यार्थ्याविषयी शंका असूनही, त्याला उत्तीर्ण करून पुढे पाठवतात, असे त्यात दिसले. कारणे ओळखीची आहेत. शंका वेळेवर बोलून दाखवलेली नसते, लेखी नोंद नसते, मुलाचे वर्ष जाईल याचे वाईट वाटते आणि आपला निर्णय वरचे लोक फिरवतील, ही भीती असते.

ब्रिटनने या प्रश्नावर २०१८ मध्ये व्यवस्थात्मक उपाय केला. तेथील नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलने शिकवण्याची आणि तपासण्याची भूमिका वेगळी केली. विद्यार्थ्याला रोज मार्गदर्शन करणारी एक व्यक्ती आणि त्याची पात्रता ठरवणारी दुसरी. एकाच विद्यार्थ्यासाठी दोन्ही भूमिका एकाच वेळी एकाच व्यक्तीकडे राहत नाहीत. स्नेह आणि न्याय यांची ओढाताण त्यामुळे थोडी कमी झाली.

प्रशिक्षणार्थी शिक्षकांच्या बाबतीत ही गरज दुहेरी आहे. अपात्र परिचारिका पुढे गेली, तर तिच्या हाताखालील रुग्णांना त्रास. अपात्र शिक्षिका पुढे गेली, तर ती पुढील तीस वर्षे दरवर्षी दहा-दहा परिचारिका घडवणार. चुकीचा हातमोजा, चुकीचा आलेख आणि रुग्णाशी बोलण्याची चुकीची रीत, हे सारे तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहणार.

आक्षेप आणि अडचणी

या सूचनांवर घेतले जाणारे आक्षेप पोकळ नाहीत. पहिला आक्षेप वेळेचा. आज आहेत ते शिक्षक तासिका, परीक्षा आणि कागदपत्रांत बुडालेले असताना वॉर्डात जाऊन सहा-सहा निरीक्षणे कोण करणार? दुसरा, व्यक्तिसापेक्षतेचा. लेखी पेपरला मोजपट्टी असते, वॉर्डातील निरीक्षणाला परीक्षकाची मर्जी. तिसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. तपासणी याद्या वाढल्या की खुणा करण्याचे काम वाढते आणि पाहण्याचे काम कमी होते. क्षमताधिष्ठित शिक्षणाच्या नावाखाली नोंदवह्या जाड होत गेल्याचा अनुभव अनेक शिक्षक सांगतात.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर वॉर्डातच आहे. अनुभवी वॉर्ड सिस्टर रोज विद्यार्थिनींना शिकवतच असतात, फक्त त्यांच्या शिकवण्याची आणि पाहण्याची अधिकृत नोंद होत नाही. त्यांना थोडे प्रशिक्षण, मानधन आणि निरीक्षकाचा दर्जा दिला, तर मनुष्यबळ तिथेच उपलब्ध आहे. दुसऱ्याचे उत्तर अनेक डोळ्यांत आहे. एका परीक्षकाची मर्जी धोकादायक असते, सात निरीक्षणांत पाच वेगळ्या व्यक्तींनी एकच उणीव नोंदवली तर ती मर्जी राहत नाही. तिसऱ्या आक्षेपासाठी यादी लहान ठेवावी आणि प्रत्येक निरीक्षणानंतर चार वाक्ये लिहिणे सक्तीचे करावे. खूण न पाहताही करता येते. वाक्य लिहिण्यासाठी मात्र पाहावे लागते.

गोव्यापुढील संधी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यात शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण चौथ्या फेरीत ३१.४ टक्के होते, पाचव्या फेरीत ते ३९.५ टक्क्यांवर गेले. देशाची सरासरी २१.५ टक्के आहे. आपल्याकडे जवळपास सर्वच बाळंतपणे रुग्णालयात होतात, ही अभिमानाची गोष्ट. परंतु म्हणूनच रुग्णालयात त्या स्त्रीजवळ कोण उभे असते आणि ते काय शिकून आले आहे, हा प्रश्न आपल्यासाठी अधिक निकडीचा ठरतो.

मोठ्या राज्यांत हा प्रश्न शेकडो महाविद्यालयांत विखुरलेला असतो. गोव्यात तसे नाही. नर्सिंग शिक्षण देणाऱ्या संस्था मोजक्या आहेत. बांबोळीची शासकीय परिचर्या शिक्षण संस्था राज्याच्या सर्वांत मोठ्या रुग्णालयाजवळच आहे. म्हापसा आणि मडगाव येथे जिल्हा रुग्णालये आहेत. संलग्नतेसाठी एकच राज्य विद्यापीठ आहे. धोरण ठरले तर ते एका वर्षात प्रत्यक्षात आणता येईल, इतके हे क्षेत्र आटोपशीर आहे.

काय करता येईल? पहिले, नर्सिंगच्या प्रशिक्षणार्थी शिक्षकांच्या प्रात्यक्षिक गुणांपैकी किमान निम्मे गुण वॉर्डातील अध्यापनासाठी राखावेत. दुसरे, महाविद्यालयातील प्रत्येक शिक्षकाने वर्षातून ठरावीक आठवडे रुग्णालयात स्वतःच्या विषयाच्या विभागात काम करावे आणि ते काम बढतीच्या वेळी मोजले जावे. तिसरे, निवडक वॉर्ड सिस्टरना निरीक्षक म्हणून प्रशिक्षित करावे. चौथे, जिने शिकवले तिनेच अंतिम निर्णय देऊ नये.

हा चौथा मुद्दा गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे. लहान राज्यात सर्वच एकमेकांना ओळखतात. परीक्षक ही प्रशिक्षणार्थीच्या मावशीची वर्गमैत्रीण निघते आणि ‘नाही’ म्हणणे अवघड होते. त्यासाठी बेळगाव किंवा कोल्हापूरचे परीक्षक बोलवता येतील आणि प्रसूतिशास्त्राच्या शिक्षकांसाठी हैदराबादचा अनुभव घेता येईल. भाषेचाही विचार हवा. आपल्या वॉर्डात एकाच सकाळी कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड ऐकू येते. विद्यार्थिनीला इंग्रजीत समजावून सांगतानाच रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलणे, हे कौशल्यही निरीक्षकाच्या यादीत असले पाहिजे.

या चर्चेला कायद्याचे निमित्तही आहे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा केला. त्यात शिक्षणासाठी स्वतंत्र मंडळ, मूल्यांकन व मानांकनासाठी स्वतंत्र मंडळ आणि राज्यांसाठी राज्य आयोग, अशी रचना आहे. संस्थांचे मानांकन करताना खाटा किती, खोल्या किती, पदव्या किती, एवढेच मोजले गेले, तर नाव बदलेल आणि व्यवहार तोच राहील. शिक्षकांपैकी किती जणांना गेल्या वर्षभरात वॉर्डात शिकवताना कोणी पाहिले, हा एक प्रश्न जरी मानांकनाच्या अर्जात आला, तरी महाविद्यालयांच्या वेळापत्रकात फरक पडेल. राज्य आयोगाच्या माध्यमातून गोवा हा प्रश्न स्वतःच्या संस्थांना आधी विचारू शकतो. त्यासाठी दिल्लीच्या परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही.

गोव्यातील असंख्य मुली आणि आता मुलगेही हा पेशा स्वीकारतात. काही येथे राहतात, काही आखातात आणि इंग्लंडला जातात. त्यांच्या हाताला जगभर मागणी आहे. तो हात घडवणाऱ्या व्यक्तीची पारख करण्यासाठी आपण आज एक फळा, एक टाचण आणि चाळीस मिनिटे यांवर विसंबून आहोत. हैदराबादमध्ये अनुभवी शिक्षिका पुन्हा प्रसूतिकक्षात जाऊन विद्यार्थिनी झाल्या. त्यात त्यांचा मान कमी झाला नाही. आपल्या शिक्षकांनाही तशी संधी मिळावी आणि त्यांची परीक्षा तिथेच व्हावी, जिथे त्यांच्या शिकवण्याचे बरे-वाईट परिणाम रुग्णाला भोगावे लागतात.